मामाच्या गावची चौकशी

मार्गशीर्षातल्या गुरुवारची पोथी गोदावरीबाईंच्या घरी गेली दोन वर्षं तृप्तीच वाचत होती. आईला आता बारीक अक्षर दिसत नसे, आणि लेक साकोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आळीतल्या बारा-चौदा बायांनी ठरवूनच टाकलं होतं की पोथी वाचावी तर या पोरीनं. कलश मांडायचा, बायांनी मुठीत अक्षता घ्यायच्या, आणि कहाणी संपून अक्षता कलशावर पडेपर्यंत कोणी मूठ उघडायची नाही की तोंड उघडायचं नाही. मूठ मिटलेली असताना कानावर पडलं ते देवीच्या पुढ्यात ऐकलेलं. त्यावर मागाहून वाद घालायचा नसतो, अशी त्या आळीची जुनी रीत.

चूक झाली ती इथेच.

पहिल्या गुरुवारी तृप्तीनं कहाणी संपवली. अक्षता अजून मुठीत होत्या. तिला एकदम दुपारची गोष्ट आठवली. कॉलेजातून येताना काळीपिवळी जीपमध्ये तिनं मोबाईल उघडला होता, आणि ब्राउझर उघडताच वरतीच लाल पट्टी आली होती, 'उपासाला शिंगाडे खाताय? आधी हे वाचा'. तिनं वाचलं आणि तिला आधी आई आठवली. आई महिनाभर नेमानं उपास धरणारी, आणि उपासाला घरात दुसरं काय असतं? तळ्यावरचे ताजे शिंगाडे उकडले की झालं. तर तिनं मोबाईल काढला आणि त्याच आसनावर बसून, त्याच पोथीच्या सुरात वाचून दाखवलं. तलावातल्या शिंगाड्यात विषारी द्रव्य उतरलं आहे, ते खाऊन यकृत निकामी होतं, 'जागतिक अन्नशुद्धी पीठा'नं तसं सिद्ध केलं आहे.

तिच्या मनात काळजीशिवाय दुसरं काही नव्हतं. पण बायांच्या मुठी मिटलेल्या होत्या. वाचून झालं, अक्षता कलशावर पडल्या, आरती झाली आणि शिंगाडा त्या आळीतून उठला. आळीतून उठला तो गावातून उठला. गाव सानगडीपासून कोसभर, दोन दिवसांत सानगडीच्या बाजारातही लोक टोपलीपाशी थांबून म्हणू लागले, "नको बाप्पा. पोथीत वाचलं म्हणते."

दुसऱ्या गुरुवारी नैवेद्याच्या ताटात बटाटे होते, साबुदाणा होता, शिंगाडा नव्हता. बाया जमत होत्या तोच दारात चंद्रभागाबाई येऊन उभ्या राहिल्या. गावच्या तळ्यात शिंगाड्याची वेल लावणाऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार, घरांपैकी त्यांचं एक घर. पहाटे थंडीत डोंग्यात बसून पाण्यात हात घालायचा, काटे टोचून घ्यायचे, ही त्यांची रोजची कमाई. डोक्यावरची टोपली त्यांनी अंगणात उतरवली. ती भरलेलीच होती.

"गोदावरीबाई, माया शिंगाड्यानं तुमचं का केलं व?"

गोदावरीबाई कोणाला टोचून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पाट मांडला. "बस ना आधी, चंद्रभागा. पोरीनं मोबाईलमधी वाचलं. सायबांनी शोधून काढलं म्हणते."

"कोन्या सायबानं? आमच्या तलावावर तं कोनी सायेब नाई आला. आला असता तं मी नसतं पायलं? मी तं दिवसभर तिथंच असतो."

तृप्ती पोथीचं कापड सोडत होती. तिचे हात थांबले.

"दाखव पोरी, का लिवलं हाय ते," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मले वाचता नाई येत. पन पायता येते."

तृप्तीनं ते पान उघडून मोबाईल त्यांच्या हातात दिला. वरती मोठा फोटो होता. काळपट पाणी, सडलेली पानं, मेलेले मासे. चंद्रभागाबाईंनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला, मग ओल्या बोटानं फोटोतल्या पानावर टिचकी मारली.

"हे शिंगाड्याचं पान होय का? शिंगाड्याचं पान तिकोनी राह्यते, काठानं करवतीसारखं. हे तं गोल हाय, कमळावानी. ज्याले शिंगाडा ओळखू येत नाई, त्यानं शिंगाड्यात जहर शोधलं?" त्यांनी मोबाईल परत दिला. "तुमी आळीभर दाखवलं. मले एकलीले नाई दाखवलं."

आवाज चढवला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. त्यांनी टोपली उचलली. जाताना एवढंच म्हणाल्या, "पौष लागला का वेल सडते. दोन गुरुवार उरले. मंग तुमी खाल्ले काय आन् नाई खाल्ले काय."

त्या दिवशी तृप्तीनं पोथी वाचली, पण शब्द नुसते ओठांवरून गेले. आपण वाचलेलं खोटं असेल तर? आणि खोटं असेल तर या मुठींत गेलेलं बाहेर कसं काढायचं?

शुक्रवारी पहिला तास सोडून ती ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल संघपाल मेश्राम सर नवीन पुस्तकांवर शिक्के मारत होते. पोरं म्हणत, सरांना पुस्तकाचा नुसता वास आला तरी पान सांगतात. तिनं सगळं सांगितलं, स्वतःचं वाचणं धरून. सरांनी शिक्का बाजूला ठेवला.

"मोबाईल दे. तुला हे पान कुठं सापडलं?"

"सापडलं नाही सर. ब्राउझर उघडलं तर समोरच होतं."

"म्हणजे तू काही विचारलंच नव्हतं." सरांनी तिचा ब्राउझर उघडला. मोबाईल विकत घेतला तेव्हापासून होता तोच. उघडताच बातम्यांच्या चौकटी, जाहिराती, कोणाचं लग्न मोडलं, कोणतं पान खाऊन साखर उतरते. "पाह्य, तू तोंड उघडायच्या आधीच हे बोलून राह्यलं. काळीपिवळीत बसतेस ना रोज? एखादा ड्रायव्हर असा राह्यते का नाही, तुले जायचं असते साकोलीले आन् तो गाडी थांबवते त्याच्या ओळखीच्या ढाब्यावर. कायले? तर त्याला तिथं फुकट जेवण मिळते. तसं आहे हे."

"मग काय करू सर?"

"गाडी बदल. फायरफॉक्स घे नाहीतर क्रोम घे, तुझ्या मोबाईलला झेपेल ते. वेळोवेळी अपडेट होणारं पाहिजे. वरचा पत्ता पूर्ण दिसला पाहिजे. उघडल्यावर कोरं पान दिसेल अशी सेटिंग करून घे, बातम्यांच्या चौकटी बंद. आन् कोणतंही पान म्हणालं, सूचना पाठवू का, तर नाही म्हणायचं. प्रत्येकाला हो म्हणत गेलीस म्हणून हा एवढा बाजार भरला तुझ्या मोबाईलमध्ये."

तिथंच बसून तिनं तसं केलं. कोरं पांढरं पान उघडलं तेव्हा तिला उगाच बरं वाटलं, सारवलेल्या अंगणासारखं.

"पण एक ध्यानात ठेव," सर पुन्हा शिक्का उचलत म्हणाले. "गाडी चांगली म्हणजे गाव चांगलं असं नाही. गाडी नेऊन सोडते फक्त. उतरल्यावर चौकशी आपलीच आपल्याला करावी लागते."

तिनं नव्या ब्राउझरमध्ये स्वतः शोधलं. 'तलावातील शिंगाडे विषारी.' आणि ती चक्रावली. एक नाही, सात ठिकाणी तेच. सात वेगवेगळी नावं, कोणी आरोग्याचं, कोणी बातम्यांचं, कोणी भक्तीचं. सात जण खोटं कसं बोलतील?

संध्याकाळी ती घरी आली तर ओसरीत मोठेबाबा केवळराम अंबाडीचा दोर वळत बसले होते. वडिलांचे थोरले भाऊ. आसपासच्या पाच-सात गावांत सोयरीक जुळवायची तर आधी केवळरामाला चौकशीला पाठवायचं, असा रिवाज होता. त्यांनी 'हो' म्हटलेलं लग्न मोडलं नाही आणि 'नाही' म्हटलेलं झालं नाही.

"काहून तोंड उतरलं व?"

तिनं सांगितलं. सात ठिकाणांचंही सांगितलं.

केवळराम दोर वळत राहिले. "तुमसरकडलं एक स्थळ होतं, तुया आत्यासाठी. मी गेलो. एकाले विचारलं, पोरगा कसा हाय? तो म्हने, निर्व्यसनी हाय, शेती ओलिताची हाय, सभाव गायीसारखा. पुढं दुसऱ्याले विचारलं. तो म्हने, निर्व्यसनी हाय, शेती ओलिताची हाय, सभाव गायीसारखा. तिसऱ्या घरी गेलो तं तिथंबी गायच निघाली. मी चहा न पेता उठलो."

"का? तिघांनी चांगलंच सांगितलं ना?"

"येड्या पोरी. तिघं खरं बोलले असते तं एकानं गाय म्हनलं असतं, एकानं बैल म्हनलं असतं, आन् एकानं म्हनलं असतं का पोरगा चांगला हाय पन झोपाळू हाय. खरं बोलनाऱ्याचे शब्द येगयेगळे राह्यतात. हे तं पढवून ठेवले होते." त्यांनी दोराला पीळ दिला. "आन् दुसरं. पोराच्या घरी पोराची चौकशी कराची नसते. तिथं सारं चांगलंच सांगतात. त्याच्या मामाच्या गावले जावं लागते. मामाच्या गावले सारं माहीत राह्यते, आन् लपवाची गरज कोनाले नसते. आन् तिसरं, दलाली कोनाले भेटून राह्यली ते पाहाचं. तुया त्या पानाच्या मामाचं गाव कोनतं?"

तृप्ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात ती चौकशीला निघाली, मोठेबाबांच्या वाटेनं. सातही पानं शेजारी शेजारी उघडली. 'पावसाळ्यानंतर तलावातील शिंगाड्यांच्या मुळाशी साचणारे जहरी द्रव्य थेट यकृतावर घाला घालते.' सातही ठिकाणी हेच वाक्य. शब्द इकडचा तिकडे नाही. गायीसारखा सभाव.

मग तिनं पानाला पानाविषयी विचारणं सोडलं आणि बाहेर विचारलं. 'जागतिक अन्नशुद्धी पीठ' शोधलं. त्या सात पानांखेरीज जगाच्या पाठीवर त्याला कोणी ओळखत नव्हतं. ना पत्ता, ना माणूस, ना एखादा छापील कागद. पानाच्या तळाशी 'आमच्याविषयी' होतं, ते दाबलं तर कोरं. काल वाचलेल्या पानावर कालची तारीख होती, आज त्याच पानावर आजची. फोटो उचलून सरांनी शिकवलं तसं फोटोवरूनच शोधलं, तर तो निघाला सात वर्षांपूर्वीचा, परदेशातल्या कुठल्याशा तळ्याचा, कमळाच्या जातीच्या वनस्पतीचा. चंद्रभागाबाईंनी ओल्या बोटानं दाखवलं होतं तेच.

आणि सगळ्यात खाली, जिथं बोट फिरवून फिरवून कंटाळलेला माणूस सहसा पोचत नाही, तिथं जाहिरात होती. यकृतशुद्धी चूर्ण. घरपोच.

"दलाल सापडला सर," ती म्हणाली.

सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते. "सापडला. पण थांबू नको. खोटं कोणतं ते कळलं, खरं काय ते कुठं कळलं? कृषी विद्यापीठाचं पाह्य. वैद्यकीय नियतकालिकाचं पाह्य. लेखकाचं नाव असेल, तारीख असेल, कुठून घेतलं ते लिहिलं असेल, असंच धर."

हे काम अवघड निघालं. इंग्रजी लांबलचक, एकेक ओळ तीनतीनदा वाचावी लागली. पण तिथं सगळे आपापल्या शब्दांत बोलत होते. एकजण शिंगाड्यातल्या पिठाबद्दल, एकजण वेलीवरच्या किडीबद्दल. आणि दोघांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावांतून, एक गोष्ट सांगितली होती जी तिला ऐकायची नव्हती. घाण पाण्यातला शिंगाडा कच्चा खाल्ला किंवा दातानं सोलला तर पोटात जंत जाऊ शकतो. चांगला उकडला तर मरतो.

हे सोडून दिलं तर? कोणाला कळणार होतं? मग तिला 'पोरगा चांगला हाय पन झोपाळू हाय' आठवलं, आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. येताना ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे थांबली. त्यांनी सांगितलं, शिंगाड्याची अशी कोणतीच सूचना वरून आलेली नाही, आणि उकडून खाण्याची गोष्ट मात्र बरोबर आहे, सगळ्यांना सांग.

तिसऱ्या गुरुवारी ओसरी गच्च भरली. तृप्तीनं आदल्या दिवशी चंद्रभागाबाईंच्या घरी जाऊन निरोप दिला होता. त्या आल्या, पण उंबऱ्याशीच बसल्या. केवळराम अंगणात खाटेवर, पाठ करून, कान आत ठेवून.

कहाणी संपली. बायांनी अक्षता टाकायला हात पुढे करायच्या आत तृप्ती म्हणाली, "अजून मुठी उघडू नका. मले एक सांगायचं आहे. मागं मी इथंच बसून शिंगाड्याचं वाचलं. ते खोटं होतं. मी चौकशी न करता वाचलं. चूक माझी."

मुठी मिटलेल्या, त्यामुळे कोणी बोलेना. मग आळीतल्या थोरल्या चंद्रकला काकूंनी रीत मोडली. "पोरी, तवाबी तू मोबाईलमधीच पायलं ना? आताबी मोबाईलच म्हनते का खोटं हाय. मंग आमी कोन्त्या मोबाईलवर इस्वास ठेवाचा?"

प्रश्न बरोबर होता. तृप्ती त्याची वाटच पाहत होती.

"माझ्यावर नकाच ठेवू काकू. तुम्हीच चौकशी करा." तिनं स्वतःचा मोबाईल चंद्रकला काकूंच्या मोकळ्या हातात दिला, आणि आळीतल्या वाचता येणाऱ्या दोघी सुनांना त्यांचे त्यांचे. तिन्हींवर वेगवेगळं पान उघडून दिलं. "तिघी मिळून वाचा. लाल पट्टीखालची पहिली ओळ."

तिघींनी वाचायला सुरुवात केली. "पावसाळ्यानंतर तलावातील शिंगाड्यांच्या मुळाशी..." दोन शब्दांत तिघींचा सूर जुळला. "...साचणारे जहरी द्रव्य थेट यकृतावर घाला घालते." आरतीसारखं, एका दमात, एका तालात. शेवटच्या शब्दावर तिघी एकदमच थांबल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी खुदकन हसलं.

"तीन येगयेगळे पेपर होत ना व हे?" धाकटी सून म्हणाली.

अंगणातून, पाठ न वळवता, केवळराम बोलले. "पढवलेले हायेत. सोयरीक मोडा."

मग हसू आवरेना. मुठी मिटलेल्या आणि खांदे हलताहेत, अशा सगळ्या. तृप्तीनं फोटोची गोष्ट सांगितली, परदेशातल्या तळ्याची. "हे आधी मावशीनं ओळखलं," ती उंबऱ्याकडे बघून म्हणाली. "फोटो पाहून एका मिनिटात. मले दोन दिवस लागले." मग चूर्णाच्या जाहिरातीचं सांगितलं. चंद्रकला काकू म्हणाल्या, "म्हंजे रोगबी त्याचाच आन् औषधबी त्याचंच."

"आता शिंगाड्याचंही झोपाळूपण सांगते," तृप्ती म्हणाली, आणि उंबऱ्याकडे बघायचं टाळलं, कारण चंद्रभागाबाई ऐकत होत्या. "कच्चा शिंगाडा खाऊ नका, दातानं फोडू नका. चांगला धुवा, उकडा, मग खा. हे डॉक्टरबाईंनीही सांगितलं."

सगळ्यांचे डोळे उंबऱ्याकडे गेले.

"आमी तं लहानपनापासून डोंग्यात बसून दातानंच फोडतो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पोटात दुखते तवा जंताच्या गोया खातो." मग म्हणाल्या, "आता समजलं, काहून खावं लागतात त्या."

यावर जे हसू उठलं त्यात गोदावरीबाईही होत्या. त्या उठल्या. पूजा होईपर्यंतचा निर्जळी नेम होता त्यांचा, पाणीसुद्धा नव्हतं पोटात. चुलीवरचं पातेलं खाली उतरवून त्यांनी ओसरीत आणलं. दुपारीच त्यांनी चंद्रभागाबाईंच्या घरून टोपलीभर शिंगाडे मागवून घेतले होते आणि लेकीला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. वाफ निघाली, उकडलेल्या शिंगाड्याचा मातकट गोड वास ओसरीभर पसरला. एक शिंगाडा सोलून त्यांनी कलशापुढे ठेवला.

"टाका आता अक्षता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

चौदा मुठी एकदम उघडल्या. मागं याच मुठींत खोटं शिरलं होतं; आता त्याच मुठींतून ते कलशावर सांडलं. आरती झाली. गोदावरीबाईंनी नेम सोडला तो शिंगाड्यानं, सगळ्यांच्या देखत. मग ताट फिरलं आणि उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर रिकामं झालं. सगळ्यांची बोटं काळी झाली होती.

चौथा गुरुवार उद्यापनाचा. त्या दिवशी सानगडीचा बाजार उठायच्या कितीतरी आधी चंद्रभागाबाईंच्या दोन्ही टोपल्या उपड्या पडल्या होत्या. शेजारी भज्यांची गाडी लावणारा भैय्यालाल वैतागून म्हणाला, "मावशी, कोनता मंतर मारला? माया गाडीकडं कोनी पाहूनबी नाई राह्यलं."

"मंतर नाई गा. चौकशी झाली मायी. सात गावची."

तृप्ती कॉलेजातून येताना जीपमधून उतरली ती थेट तिथंच आली. तिच्यासाठी मूठभर शिंगाडे पानाच्या द्रोणात राखून ठेवले होते, उकडलेले. मेश्राम सरांनी तिला पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना हेच शिकवायला सांगितलं होतं, ग्रंथालयात, तासभर, एकटीनं. ते सांगायला ती तोंड उघडणार तोच चंद्रभागाबाईंनी कमरेच्या पिशवीतून नातवाचा मोबाईल काढला.

"हे पाह्य. सकायपासून तीन झनींनी यावर धाडलं. हळदीच्या पान्यानं डोयाचा चष्मा जाते म्हनते." त्यांनी मोबाईल तिच्या हातात दिला नाही. स्वतःच डोळ्यांसमोर धरला, फोटोवर ओलं बोट ठेवलं आणि भुवया आवळल्या.

"सांग व पोरी, याच्या मामाचं गाव कोनतं?"